शिकारी शोभिवंत माशांचे सहवासी मासे

शिकारी शोभिवंत माशांचे सहवासी मासे म्हणजे मोठ्या मांसाहारी माशांबरोबर एकाच मत्स्यालयात दीर्घकाळ सुरक्षित राहू शकणारे अन्य मासे होत. ऑस्कर, अरोवाना, पिरान्हा, फ्लॉवरहॉर्न, गार, लालशेपटी मांजरमासा आणि भारतीय मरळ यांसारख्या माशांच्या बाबतीत ही निवड विशेष महत्त्वाची ठरते. तोंडात मावेल असा कोणताही सजीव हे मासे भक्ष्य समजतात. त्यामुळे सहवासी निवडताना दुकानातील पिल्लाचा आकार नव्हे, तर दोन्ही माशांची पूर्ण वाढ झाल्यावरचा आकार विचारात घ्यावा लागतो. त्याखेरीज स्वभाव, पाण्यातील वावराचा स्तर, पाण्याचे गुणधर्म, आहाराची पद्धत आणि टाकीचे आकारमान या बाबीही पाहिल्या जातात.

निवड चुकल्यास मासे जखमी होतात किंवा मरतात. याशिवाय टाकीत न मावणारे वा इतरांना त्रास देणारे मासे नदी, तलाव किंवा धरणात सोडून दिले जाण्याचा धोका असतो. गोदावरीच्या काठी वसलेल्या नाशिकसारख्या शहरात हा प्रश्न मत्स्यालयाच्या काचेपुरता मर्यादित राहत नाही.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात सार्वजनिक मत्स्यालयाची ओळख प्रामुख्याने मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे झाली. ते १९५१ मध्ये सुरू झाले. पुढे घरगुती मत्स्यालयांचा छंद वाढला आणि गोल्डफिश, गप्पी, मोली, एंजल या लहान माशांच्या जोडीने मोठे परदेशी मासेही शहरांतील दुकानांत दिसू लागले. अरोवाना आणि फ्लॉवरहॉर्न हे मासे घरात ठेवणे शुभ असते, या समजुतीनेही त्यांची मागणी वाढली.

हे मासे बहुधा पिल्लू अवस्थेत विकले जातात. दुकानात ४ ते ५ सेंटिमीटर लांबीचा दिसणारा ऑस्कर चांगल्या संगोपनात वर्षभरात २० सेंटिमीटरच्या पुढे जातो. लालशेपटी मांजरमासा बोटाएवढा असताना विकला जातो, पण त्याची लांबी एक मीटरहून अधिक होऊ शकते. विक्रीच्या वेळी एकाच टाकीत शांतपणे राहणारे मासे काही महिन्यांनी एकमेकांचे भक्ष्य किंवा प्रतिस्पर्धी बनतात, याचे मुख्य कारण हेच आहे.

निवडीची तत्त्वे

तोंडाचा आकार आणि पूर्ण वाढ

शिकारी मासे भक्ष्य सहसा अख्खे गिळतात. त्यामुळे भक्ष्याची लांबी किती यापेक्षा त्याच्या शरीराची उंची आणि जाडी शिकाऱ्याच्या जबड्यात मावते का, हे निर्णायक असते. सडपातळ मासा लांब असला तरी गिळला जातो. उभट व चपट्या शरीराचा मासा लांबीने कमी असूनही वाचू शकतो. सिल्व्हर डॉलर हा सुमारे १५ सेंटिमीटरचा, थाळीसारखा गोल मासा ऑस्करबरोबर ठेवला जातो, तो याच कारणाने. सहवासी मासा टाकीत सोडतेवेळीच शिकाऱ्याच्या तोंडात न मावणारा असावा आणि त्याच्या वाढीचा वेगही शिकाऱ्याच्या जवळपास असावा.

मांजरमाशांचे जबडे अतिशय रुंद असतात व पोट ताणले जाते. लालशेपटी मांजरमासा स्वतःच्या निम्म्या लांबीच्या माशालाही गिळू शकतो. अशा माशांसाठी केवळ आकाराने थोडा लहान असलेला सहवासी पुरेसा सुरक्षित नसतो.

काटे आणि कवच

कवचधारी वा काटेरी मासा शिकाऱ्याला नको असतो, हा समज अर्धसत्य आहे. कोरिडोरास किंवा लहान सकर माशाच्या परांमधील काटे ताठ होऊन अडकतात. ऑस्करने असा मासा गिळण्याचा प्रयत्न केल्यास काटा घशात रुततो आणि दोन्ही मासे मरू शकतात. त्यामुळे काटेरी सहवासी निवडताना आकाराचा नियम अधिक कटाक्षाने पाळावा लागतो.

पाण्यातील स्तर

अरोवाना पृष्ठभागाजवळ, ऑस्कर व अन्य सिक्लिड मध्यस्तरात, तर बिशिर आणि मांजरमासे तळाशी वावरतात. वेगवेगळ्या स्तरांतील मासे निवडल्यास जागेसाठी होणारे संघर्ष कमी होतात. मात्र स्तरभेदामुळे भक्षणाचा धोका टळत नाही. रात्री शिकार करणारे तळचे मासे झोपलेल्या मध्यस्तरीय माशांवर हल्ला करू शकतात.

स्वभाव आणि हद्द

भक्षण आणि आक्रमकता या दोन भिन्न गोष्टी आहेत. भक्षणाचे मूळ भुकेत असते. आक्रमकता मात्र हद्द, जोडीदार किंवा अंडी यांच्या रक्षणासाठी दिसते. सिक्लिड कुळातील मासे विणीच्या काळात स्वतःहून मोठ्या माशांनाही पळवून लावतात. सारख्या रंगाच्या व सारख्या ठेवणीच्या माशांशी त्यांचा संघर्ष अधिक होतो. म्हणून सहवासी मासा रूपाने व सवयींनी वेगळा असणे हितावह ठरते.

पाण्याचे गुणधर्म

ॲमेझॉन खोऱ्यातील ऑस्कर व अरोवाना यांना २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान आणि सौम्य आम्लधर्मी ते उदासीन पाणी मानवते. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरातील फ्रंटोसासारख्या माशांना जड व अल्कधर्मी पाणी लागते. गोल्डफिश थंड पाण्यात अधिक निरोगी राहतो. आकार जुळत असला तरी अशा माशांना एकत्र ठेवल्यास त्यांपैकी एकाला कायम प्रतिकूल पाण्यात जगावे लागते व त्याची रोगप्रतिकारशक्ती घटते.

आहाराची गती

ऑस्कर आणि अरोवाना अन्नावर झडप घालतात. बिशिरची दृष्टी अधू असते आणि तो वासावरून सावकाश अन्न शोधतो. एकाच वेळी अन्न टाकल्यास तो उपाशी राहतो. अशा वेळी दिवे मालवल्यानंतर तळाशी बुडणारे अन्न वेगळे दिले जाते.

जिवंत गोल्डफिश खाऊ घालण्याची पद्धत प्रचलित असली तरी ती हानिकारक मानली जाते. अशा माशांमधून परजीवी व रोगजंतू टाकीत येतात. शिवाय गोल्डफिशच्या शरीरातील थायमिनेज या विकरामुळे शिकारी माशात ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण होऊ शकते. त्याऐवजी दाणेदार खाद्य, कोळंबी, गांडुळे आणि सागरी माशांचे तुकडे आलटून पालटून देतात. दाणेदार खाद्याची सवय लागलेला मासा सहवाशांकडे भक्ष्य म्हणून कमी पाहतो असे पालकांना आढळते, परंतु त्यामुळे त्याची शिकारीची उपजत प्रवृत्ती नाहीशी होत नाही.

टाकीचे आकारमान आणि वजन

सहवाशांची निवड टाकीच्या आकारमानापासून अलग करता येत नाही. चार फुटी टाकीत (१२० × ४५ × ४५ सेंटिमीटर) काठोकाठ भरल्यास सुमारे २४३ लिटर पाणी मावते. त्यात एका प्रौढ ऑस्करसाठी जागा होते, पण मोठ्या सहवाशांसाठी ती अपुरी पडते. सहा फुटी टाकीत (१८० × ६० × ६० सेंटिमीटर) सुमारे ६४८ लिटर पाणी मावते. ऑस्करच्या एका जोडीबरोबर काही सहवासी ठेवण्यासाठी ही टाकी योग्य समजली जाते. अरोवानाच्या बाबतीत लांबीइतकीच रुंदीही महत्त्वाची असते, कारण सुमारे ७५ सेंटिमीटरच्या माशाला ६० सेंटिमीटर रुंदीत सहज वळता येत नाही.

सदनिकेत मोठी टाकी ठेवताना वजनाचा विचार आवश्यक असतो. सहा फुटी टाकीतील केवळ पाण्याचे वजन सुमारे ६५० किलोग्रॅम होते. टाकीच्या बुडाखालील क्षेत्र १.०८ चौरस मीटर असल्याने प्रति चौरस मीटर भार सुमारे ६०० किलोग्रॅम पडतो. भारतीय मानकांनुसार निवासी खोल्यांचा वापरभार साधारण २०० किलोग्रॅम प्रति चौरस मीटर धरलेला असतो. त्यामुळे अशी टाकी वरच्या मजल्यावर ठेवण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतला जातो आणि ती तुळई वा भारवाहक भिंतीलगत ठेवली जाते.

मांसाहारी माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून मोठ्या प्रमाणात अमोनिया तयार होतो. फिल्टरमधील जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही जिवाणूंची वसाहत स्थिरावण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर अनेक मोठे मासे एकदम सोडल्यास विषबाधेने मृत्यू ओढवतात आणि त्याचा दोष अनेकदा सहवाशांच्या भांडणाला दिला जातो.

प्रमुख शिकारी मासे आणि त्यांचे सहवासी

ऑस्कर (ॲस्ट्रोनोटस ओसेलाटस): दक्षिण अमेरिकेतील हा सिक्लिड ३० ते ३५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो व दहा वर्षांहून अधिक जगतो. सिल्व्हर डॉलरचा पाच-सहा जणांचा थवा, सेव्हेरम, मोठा बिशिर आणि टिनफॉइल बार्ब हे त्याचे प्रचलित सहवासी आहेत. निऑन टेट्रा, गप्पी, कोरिडोरास आणि लहान बार्ब त्याच्याबरोबर ठेवू नयेत.

रुपेरी अरोवाना (ऑस्टिओग्लॉसम बायसिरोसम): हा पृष्ठभागावरील शिकारी असून निसर्गात पाण्याबाहेर झेप घेऊन फांद्यांवरील कीटक टिपतो. त्यामुळे टाकीला वजनदार झाकण अनिवार्य ठरते. तळाशी राहणारे मोठे बिशिर व शांत स्वभावाचे मोठे मध्यस्तरीय मासे त्याला चालतात. पर कुरतडणारे मासे आणि उग्र सिक्लिड टाळले जातात, कारण अरोवानाच्या मिशा व लांब पर सहज जखमी होतात.

फ्लॉवरहॉर्न: १९९० च्या दशकात मलेशियात संकरातून विकसित झालेला हा सिक्लिड निसर्गात आढळत नाही. तो अत्यंत हद्दप्रिय असतो. त्याला एकट्याने ठेवणे हीच सर्वमान्य पद्धत आहे.

लालपोट्या पिरान्हा (पिगोसेन्ट्रस नॅटेरेरी): हा थव्याने राहतो. अन्य जातींचे मासे त्याच्याबरोबर काही काळ टिकले तरी पुढे त्यांचे पर व शेपट्या कुरतडल्या जातात. म्हणून त्याचे सहवासी म्हणजे त्याच जातीचे व सारख्याच आकाराचे मासे होत.

बिशिर (पॉलिप्टेरस): आफ्रिकेतील हा आदिम ठेवणीचा मासा तळाशी राहतो आणि हवेतील प्राणवायूही घेतो. सेनेगल बिशिर सुमारे ३० सेंटिमीटरचा होतो. काही जाती त्याच्या दुप्पट वाढतात. तो सहसा भांडत नाही, परंतु तोंडात मावणारे मासे रात्री गिळतो.

लालशेपटी मांजरमासा आणि ॲलिगेटर गार: हे मासे घरगुती मत्स्यालयासाठी अनुपयुक्त मानले जातात. ॲलिगेटर गार दोन मीटरहून अधिक लांब होऊ शकतो. त्यांच्याबाबतीत योग्य सहवासी कोणता हा प्रश्नच गौण ठरतो, कारण पूर्ण वाढलेल्या एका माशालाही घरगुती टाकी पुरत नाही.

भारतीय शिकारी मासे

भारतीय नद्यांतील मरळ, शिवडा, वाम, चितळ आणि शिंगटा हे मासेही काही हौशी पाळतात. मरळ (चन्ना प्रजाती) हवेतून श्वास घेतो. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग आणि झाकण यांच्यामध्ये हवेची जागा ठेवावी लागते. तो उडी मारून टाकीबाहेर जाऊ शकतो. मोठ्या जातीचा मरळ एक मीटरपर्यंत वाढत असल्याने त्याला एकटे ठेवतात. शिवडा (वलागो अट्टू) रुंद जबड्याचा व निशाचर असून तो कोणत्याही लहान माशाचा सहवासी होऊ शकत नाही. वाम तुलनेने शांत असतो, परंतु लहान मासे खातो आणि झाकणाच्या फटीतूनही निसटतो.

गैरसमजातून निवडले जाणारे सहवासी

सकर मासा (टेरिगोप्लिक्थिस) हा काचेवरील शेवाळ साफ करणारा म्हणून विकला जातो. प्रत्यक्षात तो ४० सेंटिमीटरच्या पुढे वाढतो आणि मोठ्या, चपट्या माशांच्या अंगावरील बुळबुळीत आवरण खरवडून खाऊ शकतो. मत्स्यालयात 'शार्क' या नावाने विकला जाणारा पंगस हा वास्तविक मांजरमासा आहे. तो एक मीटरहून मोठा होतो, घाबरला की काचेवर आदळतो आणि त्याला तळ्याएवढी जागा लागते. खाण्यासाठी रूपचंद या नावाने विकला जाणारा पाकू लहानपणी पिरान्हासारखा दिसतो. पिरान्हा समजून तो घेतला जातो, पण तोही घरगुती टाकीच्या मानाने फार मोठा होतो.

नवा मासा सोडण्याची पद्धत

नवा मासा प्रथम दोन ते चार आठवडे स्वतंत्र टाकीत विलग ठेवतात. मुख्य टाकीत शक्यतो कमी आक्रमक मासे आधी व उग्र मासे शेवटी सोडले जातात. आधीपासून हद्द निश्चित केलेला मासा असेल, तर दगड व लाकडांची मांडणी बदलून जुन्या हद्दी पुसल्या जातात. शिकाऱ्याला अन्न देऊन, दिवे मालवून मग नवा मासा सोडणे उपयुक्त ठरते. फाटलेले पर, कोपऱ्यात दडून राहणे, अन्न नाकारणे आणि रंग काळवंडणे ही विसंगत सहवासाची लक्षणे आहेत. ती दिसताच मासे वेगळे करावे लागतात. म्हणून अशा मत्स्यालयाबरोबर एक मोकळी टाकी किंवा टाकीत बसणारी फाळणी असणे आवश्यक समजले जाते.

नाशिकमधील परिस्थिती

नाशिक शहराला गंगापूर, दारणा व मुकणे या धरणांतून पाणीपुरवठा होतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना घातक असल्याने पाणी बदलताना सोडियम थायोसल्फेट वापरून ते निष्प्रभ केले जाते. कूपनलिकेचे पाणी बेसाल्ट खडकातून येते व सहसा जड असते. ॲमेझॉनमधील मासे निवडताना त्याची जडता तपासावी लागते.

जिल्ह्यातील हवामानातील चढउतारही निवडीवर परिणाम करतात. निफाड परिसरात हिवाळ्यात किमान तापमान काही वर्षी ५ अंश सेल्सिअसच्याही खाली गेले आहे. त्यामुळे उष्ण कटिबंधीय माशांसाठी हिवाळ्यात हीटर अनिवार्य असतो. मोठे मासे काचेचा हीटर फोडू शकतात, म्हणून त्याला संरक्षक जाळी बसवतात. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातील विरघळलेला प्राणवायू घटतो. गर्दीच्या टाकीत वीज गेल्यास हवेअभावी मासे काही तासांत दगावू शकतात. हवेतून श्वास घेणारे मरळ व बिशिर अशा वेळी तग धरतात, तर इतर सहवासी आधी मरतात. विद्युतघटावर चालणारा हवापंप हा त्यावरील उपाय आहे.

नदीत सोडण्याचे परिणाम

टाकीत न मावणारा मासा मारण्यापेक्षा नदीत सोडून त्याला जीवदान द्यावे, अशी अनेकांची भावना असते. मात्र बाहेरून आलेला मोठा शिकारी मासा स्थानिक माशांची पिल्ले खातो, त्यांच्या अन्नात वाटेकरी होतो आणि नवे रोग पसरवू शकतो. केरळमध्ये २०१८ च्या महापुरानंतर अरापैमा व ॲलिगेटर गार हे परदेशी मासे नद्यांत सापडले. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात आणि भोपाळच्या तलावातही ॲलिगेटर गार आढळला. महाराष्ट्रात उजनी जलाशयात सकर माशाचा प्रसार झाला असून त्याच्या काटेरी अंगामुळे मच्छीमारांची जाळी फाटतात.

नाशिकच्या संदर्भात हा धोका अधिक ठळक आहे. शहरातील गोदावरीचे पाणी पुढे निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर येथे पोहोचते. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील ही पाणथळ जागा २०१९ मध्ये रामसर स्थळ म्हणून नोंदली गेली व ती महाराष्ट्रातील पहिली रामसर जागा ठरली. तेथून गोदावरी पैठणच्या जायकवाडी जलाशयाकडे जाते. म्हणजेच रामकुंडाजवळ वा गंगापूर धरणाच्या खाली सोडलेला मासा पावसाळी पुरात या संपूर्ण साखळीत पसरू शकतो.

याच परिसराशी निगडित पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटेरी हा मासा देवळाली मिनो म्हणून ओळखला जातो. नाशिकजवळील देवळालीच्या नमुन्यांवरून होरा व मिश्रा यांनी १९३८ मध्ये त्याचे वर्णन केले. काही सेंटिमीटर लांबीचा हा मासा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त वर्गात आहे. नांदूर मधमेश्वरच्या रामसर नोंदीतही त्याचा उल्लेख आहे. इतक्या लहान व मर्यादित क्षेत्रातील माशासाठी प्रत्येक नवा शिकारी मासा ही अतिरिक्त आपत्ती ठरू शकते.

कायदेशीर बाजू

भारतात आफ्रिकी मागूर (क्लेरियस गॅरिपिनस) या आक्रमक मांजरमाशाच्या संवर्धनावर बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१९ मधील आदेशानंतर महाराष्ट्रातही त्याचे साठे नष्ट करण्याच्या कारवाया झाल्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय करारातील, म्हणजे साइट्समधील, प्रजातींचा समावेश चौथ्या अनुसूचीत करण्यात आला. आशियाई अरोवाना या कराराच्या पहिल्या व अरापैमा दुसऱ्या परिशिष्टात आहे. असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांनी त्यांची नोंदणी करणे आवश्यक असून त्याचे नियम २०२४ मध्ये अधिसूचित झाले. रुपेरी अरोवाना व ऑस्कर हे मासे या करारात समाविष्ट नाहीत.

अतिरिक्त माशांची व्यवस्था

मासा टाकीपेक्षा मोठा झाल्यास किंवा सहवाशांशी जुळत नसल्यास तो विक्रेत्याला परत करणे, मोठी टाकी असलेल्या हौशी पालकाकडे देणे किंवा सार्वजनिक मत्स्यालयाकडे विचारणा करणे हे पर्याय असतात. असाध्य आजारी माशाला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लवंगेच्या तेलासारख्या भूल देणाऱ्या द्रव्याने वेदनारहित मृत्यू देता येतो. मेलेला मासाही नदीत न टाकता जमिनीत पुरला जातो. मात्र मोठे मासे स्वीकारणारे पालक आणि संस्था मोजक्याच असतात. म्हणून पूर्ण वाढीचा आकार, आयुर्मान आणि उपलब्ध टाकी यांचा मेळ खरेदीपूर्वीच घालणे हा सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो.